फाझिल अल-जमाली: पन्नास मिनिटांत काय सांगावं, काय गाळावं?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासगटात दर महिन्याला एका परदेशी राजकारण्याचं चरित्र मांडायचं असतं. पन्नास मिनिटं बोलणं, पुढे प्रश्न. श्रोते म्हणजे निवृत्त शिक्षक, बँकेतले काही जण, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पाच-सहा मुलं. ती मुलं तारखेवर लगेच अडवतात. या वेळी इराकची राजेशाही आहे. त्या काळात अनेकदा पंतप्रधान झालेल्या नुरी अस-सईद यांच्याबद्दल बरंच लिहिलेलं सापडतं, म्हणून मी मुद्दाम मुहम्मद फाझिल अल-जमाली घेतले. अनेकदा परराष्ट्रमंत्री, १९५३-५४ मध्ये पंतप्रधान, आशिया-आफ्रिकेतल्या देशांच्या बांडुंग परिषदेत इराकच्या शिष्टमंडळाचे प्रमुख.

टिपणं चिक्कार झालीत, पण सूत्र हाती लागत नाही. पदांची यादी वाचली तर लोक पेंगतील. बांडुंगचं भाषण नेहरूंच्या बाजूने सांगायचं की जमालींच्या? ‘पाश्चात्त्यांचा माणूस’ हा शिक्का कितपत खरा? आणि कुठल्या तारखा, आकडे नेहमी चुकतात? जाणकारांनी सविस्तर लिहावं. घाई नाही, पंधरा दिवस हातात आहेत.

मिरज जंक्शन

पदांची यादी वेगळ्या कागदावर छापून वाटा आणि बोलताना तिला हातही लावू नका. राजेशाहीच्या सदतीस वर्षांत इराकमध्ये पन्नासहून अधिक मंत्रिमंडळं झाली. तीच माणसं खाती बदलून पुन्हा पुन्हा येतात. कोण कधी कुठे होतं हे तोंडी सांगायला गेलात की दहाव्या मिनिटाला तुमचाच गोंधळ उडेल.

सूत्र विचाराल तर माझ्या मते ते शाळा आहे. जमाली मुळात शिक्षणखात्यातले. जन्म १९०३, काझिमिया. हे बगदादच्या उत्तरेला तैग्रिसच्या पश्चिम काठावरचं शिया तीर्थक्षेत्र, सातवे आणि नववे इमाम इथे दफन आहेत. पुढे बैरूतचं अमेरिकन विद्यापीठ आणि मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं टीचर्स कॉलेज. १९३४ चा त्यांचा प्रबंध इराकमधल्या बेदुईन टोळ्यांच्या शिक्षणावर आहे. त्याआधी १९३२ मध्ये पॉल मन्रो यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांचं पथक इराकच्या शाळा पाहायला आलं, त्यात जमाली सोबत होते. या पथकाच्या अहवालावरून अरब राष्ट्रवादी शिक्षणतज्ज्ञ साती अल-हुसरी यांच्याशी जोरदार वाद झाला. हुसरींचं म्हणणं असं की साऱ्या देशाला एकच अभ्यासक्रम हवा आणि तो बगदादहून ठरावा, तरच राष्ट्र घडेल. मन्रोंच्या लोकांचं आणि जमालींचं म्हणणं असं की दलदलीतल्या गावाला, वाळवंटातल्या टोळीला आणि शहराला एकाच साच्यातली शाळा चालणार नाही. जमालींनी दक्षिणेकडच्या शिया जिल्ह्यांत शाळा वाढवण्यावर भर दिला, कारण सरकारी नोकरीची वाट शाळेतूनच जात होती आणि तिथली मुलं त्या वाटेपर्यंत पोहोचतच नव्हती.

हे आधी नीट सांगा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्याशेजारी बसलेल्या श्रोत्यांना शाळा आणि सत्ता यांचं नातं वेगळं समजावावं लागणार नाही. मात्र एक गोष्ट झाकू नका. त्याच दशकात इराकी शाळांत ‘फुतुव्वा’ नावाचं लष्करी वळणाचं शिक्षण सुरू झालं आणि जमाली तेव्हा त्याच खात्यात वरच्या हुद्द्यावर होते. फक्त उदारमतवादी शिक्षणतज्ज्ञ म्हणून त्यांना उभं केलंत तर चित्र अर्धवट राहील.

तारखांबद्दल. शिया पंतप्रधानांत ते तिसरे. आधी सालिह जब्र (१९४७), मग मुहम्मद अस-सद्र (१९४८), मग जमाली. कित्येक ठिकाणी ‘पहिले शिया पंतप्रधान’ असं लिहिलेलं आढळतं, ते चूक. शिवाय त्यांची मंत्रिमंडळं दोन मोजतात: पहिलं सप्टेंबर १९५३ चं, दुसरं मार्च १९५४ चं. कारकीर्द मात्र सलगच, एप्रिल १९५४ अखेरपर्यंत. ‘दोनदा पंतप्रधान’ आणि ‘एकदा पंतप्रधान’ ही दोन्ही वाक्यं छापलेली दिसतात, त्याचं कारण हे. मुलांनी अडवलं तर एवढं पुरे.

वाईकर

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी, कारण हा प्रसंग सभेत सांगण्याजोगा आहे. २६ जून १९४५, सॅन फ्रान्सिस्को, व्हेटरन्स बिल्डिंगचं सभागृह. गोल टेबलावर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रत उघडी ठेवलेली. मजकूर पाच भाषांत: चिनी, फ्रेंच, रशियन, इंग्रजी, स्पॅनिश. पहिली सही चीनची, कारण आक्रमणाला सर्वांत आधी तोंड दिलेला देश. मग रशिया, ब्रिटन, फ्रान्स, पुढे इंग्रजी वर्णानुक्रमाने बाकीचे आणि यजमान म्हणून अमेरिका शेवटी. त्यामुळे सह्यांच्या पानांवर भारत, इराण, इराक हे ओळीने येतात. भारताकडून रामस्वामी मुदलियार आणि व्ही. टी. कृष्णम्माचारी, इराककडून फाझिल जमाली. सनदेच्या सह्यांचं छायाचित्रण मिळालं तर तेवढं एक पान पडद्यावर दाखवा. भारत अजून स्वतंत्र झाला नव्हता आणि इराक १९३२ पासून स्वतंत्र देश होता, हा फरक त्या पानाकडे बोट दाखवून सांगता येतो.

आता बांडुंग. इथे बहुतेक मराठी लेखांत नेहरू, चाऊ एन लाय, नासेर, सुकार्नो एवढेच येतात. परिषद १८ ते २४ एप्रिल १९५५, देश २९. आरंभीची भाषणं टाळावीत, नाहीतर भांडणं उघड्यावर येतील, असं नेहरूंचं मत होतं. ते मानलं गेलं नाही. पहिल्याच दिवशी जमाली बोलायला उभे राहिले आणि जगाची शांतता बिघडवणाऱ्या तीन शक्ती त्यांनी मोजून सांगितल्या: जुना वसाहतवाद, झायोनिझम (ज्यू राष्ट्रवाद) आणि साम्यवाद. साम्यवादी चीनचे चाऊ एन लाय समोर बसलेले. साम्यवाद हा नव्या रूपातला वसाहतवादच आहे, हा त्यांचा रोख होता.

हे भाषण समजायला फेब्रुवारीपासूनचा क्रम हवा. २४ फेब्रुवारी १९५५ रोजी इराक आणि तुर्कस्तान यांचा संरक्षणविषयक बगदाद करार झाला, एप्रिलच्या सुरुवातीला ब्रिटन त्यात आलं. पाकिस्तान सप्टेंबरात आणि इराण नोव्हेंबरात, म्हणजे बांडुंगनंतर. इथे चूक हमखास होते. पाचही देश आधीपासून होते असं धरून लोक बांडुंगवर बोलतात. प्रत्यक्षात त्या वेळी जमालींना करार सांभाळायचा होता आणि नव्या सदस्यांसाठी वातावरणही तयार करायचं होतं. उलट नेहरूंच्या दृष्टीने असा प्रत्येक करार म्हणजे शीतयुद्ध आशियाच्या उंबऱ्यात आणून ठेवणं.

निकाल काय लागला ते परिषदेच्या अंतिम निवेदनातल्या दहा तत्त्वांत वाचा. पाचवं तत्त्व प्रत्येक राष्ट्राला एकट्याने किंवा सामुदायिकपणे संरक्षणाचा हक्क देतं. ही करारवाल्यांची जीत. सहाव्याचा पहिला भाग सांगतो की सामुदायिक संरक्षणाच्या व्यवस्था बड्या राष्ट्रांच्या खास हितासाठी वापरू नयेत. ही नेहरूंच्या बाजूची भर. वसाहतवादाबद्दल ‘त्याच्या सर्व रूपांतला’ असा शब्दप्रयोग आला, त्यात जमाली आणि सिलोनचे कोटेलावाला यांचं म्हणणंही मावलं आणि चीनला सहीही करता आली. एकाच मसुद्यात दोन्ही पक्ष कसे बसवले गेले हे दाखवायला ही दोन तत्त्वं शेजारी शेजारी फळ्यावर लिहा.

माझं मत विचाराल तर जमालींची बाजू त्यांच्या जागेवरून मांडा. इराकची उत्तर सीमा रशियाच्या काकेशसपासून फार लांब नाही, आणि १९४६ मध्ये शेजारच्या इराणमध्ये रशियन सैन्य रेंगाळलेलं त्यांनी पाहिलं होतं. दिल्लीहून दिसणारं जग आणि बगदादहून दिसणारं जग एक नव्हतं.

बागायतदार (वाळवा)

वाईकरांचं बांडुंग उत्तम. पण माणसाची खरी परीक्षा घरात होते, म्हणून पंतप्रधानकीचे साडेसात महिने सविस्तर घ्या. निदान पंधरा मिनिटं.

सत्तेवर आल्यावर जमालींनी १९५२ च्या दंगलीपासून चालू असलेला लष्करी कायदा उठवला, वृत्तपत्रांवरचे निर्बंध सैल केले, तरुण आणि शिकलेले मंत्री घेतले, शियांना भरीव वाटा दिला. डिसेंबर १९५३ मध्ये बसरा पेट्रोलियम कंपनीच्या कामगारांचा संप झाला तेव्हा मात्र बसऱ्यात पुन्हा लष्करी कायदा लावला. ही दोन्ही पावलं एकाच सरकारची आहेत, दोन्ही सांगा.

मूळ अडचण जमिनीची. १९५८ च्या, म्हणजे राजेशाही उलथवणाऱ्या क्रांतीच्या, आधीचा हिशेब असा की एक टक्का जमीनधारकांकडे खासगी जमिनीपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५५ टक्के जमीन होती. शेख म्हणजे टोळीप्रमुख हे १९३० च्या दशकातल्या जमीन-बंदोबस्ताच्या कायद्यांनी कागदोपत्री मालक बनले. १९३३ च्या कायद्याने कर्जात असलेल्या कुळाला जमीन सोडून जाता येईना. हेच शेख पुढे संसदेत बसले. जमालींच्या सरकारने जमिनीवरचा कर आणि वाटप यांचे प्रस्ताव पुढे आणले आणि ज्यांच्यावर कर बसणार त्यांच्याच मतांनी ते पास व्हायचे होते. ते अडकले यात नवल नाही. नेत्याची इच्छा होती की नव्हती हा वाद घालण्यापेक्षा सभागृहात कोण बसलं होतं ते दाखवा.

इथे आकड्यांची एक चूक अगदी हमखास होते. इराकी जमिनीची मोजणी ‘दोनम’मध्ये असते. पॅलेस्टाइनचा दोनम १,००० चौरस मीटर, इराकचा २,५०० चौरस मीटर. इराकी दोनम म्हणजे आपले पावणेपंचवीस गुंठे. क्रांतीनंतर सप्टेंबर १९५८ च्या कायद्याने कमाल मर्यादा बागायतीला १,००० दोनम आणि जिरायतीला २,००० दोनम ठरवली. म्हणजे बागायत सुमारे ६१८ एकर. पॅलेस्टाइनच्या मापाने हिशेब केला तर २४७ एकर येतात आणि सगळा निष्कर्ष बिघडतो. महाराष्ट्रात बारमाही बागायतीची कमाल मर्यादा १८ एकर आहे. तो आकडा शेजारी ठेवलात की आपल्या भागातला कुणीही लगेच विचारेल, मग जप्त कुणाची झाली? उत्तर हे की ६१८ एकर सोडूनही जप्त करायला भरपूर उरली, एवढ्या त्या जमिनी मोठ्या होत्या.

दुसरा भाग पुराचा. मार्च १९५४ मध्ये तैग्रिसला मोठा पूर आला. बगदादचा पूर्वेकडचा भाग, रुसाफा, मातीच्या बांधांवर तग धरून होता. शहराचा हा भाग रिकामा करावा असा सल्ला पुढे आला. गृहमंत्री सईद कझ्झाझ यांनी तो मानला नाही. लाखो लोक एका वेळी बाहेर काढताना चेंगराचेंगरी आणि लूट होईल, त्यापेक्षा सगळं बळ बांधावर लावावं, हा त्यांचा विचार. बांध टिकले. शहर वाचलं, तरी भोवतालच्या भागाचं नुकसान प्रचंड झालं आणि सरकारची पत घसरली. कझ्झाझ यांना पुढे क्रांतीनंतरच्या न्यायालयाने मृत्युदंड दिला आणि सप्टेंबर १९५९ मध्ये फाशी झाली.

आयर्विन पुलाची पातळी तासातासाला विचारत रात्र काढणाऱ्या सांगलीकरांना बांध राखायचा की माणसं हलवायची हा प्रश्न कळायला नकाशाही लागणार नाही. मात्र तांत्रिक बाजू सांगा: कायमचा उपाय शहराजवळ नव्हता. बगदादच्या वर, समारा इथे बंधारा घालून पुराचं पाणी पश्चिमेकडच्या थरथार खोलगट भागात वळवायचं, अशी ती योजना. पैसा तेलाचा. १९५० मध्ये विकास मंडळ स्थापन झालं, १९५२ च्या करारानंतर तेलाच्या नफ्यात निम्मा वाटा मिळू लागला आणि तेलाच्या उत्पन्नापैकी ७० टक्के या मंडळाकडे जात होते. समाराचा बंधारा १९५६ मध्ये सुरू झाला. पूर १९५४ चा. दोन वर्षांचं हे अंतर जमालींच्या वाट्याला आलं.

अजिंक्यतारा

थोडक्यात. साताऱ्याच्या बाजूने कुणी विचारलं की इराकशी आपला काय संबंध, तर पहिल्या महायुद्धाची दोन वाक्यं तयार ठेवा. ब्रिटिश सेनापती टाउनशेंडच्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. तैग्रिसकाठच्या कुत गावात या फौजेला वेढा पडला तो डिसेंबर १९१५ मध्ये, शरणागती २९ एप्रिल १९१६. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून त्या युद्धात किती माणसं गेली हे आपल्याकडे सांगायची गरज नाही. जमाली तेव्हा काझिमियात तेरा वर्षांचे. बगदाद पडलं ११ मार्च १९१७ ला. ब्रिटिश राज्य त्यांनी शाळकरी वयात आपल्या गावात येताना पाहिलं. एवढंच पुरे, यापलीकडे ताणलंत तर भाषण भलतीकडे जाईल.

हो, आणि नुरी अस-सईद यांना बसरा पडल्यावर इंग्रजांनी पकडून काही काळ हिंदुस्थानात ठेवलं होतं. जमालींचा असा काही संबंध नाही. दोघांची गल्लत करू नका.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनमची चूक माझ्या टिपणात होणारच होती. अजून दोन शंका. १९४८ चा पोर्टस्मथ करार कितपत घ्यावा? आणि १९५८ नंतरचं काय? नुरी आणि राजघराणं मारलं गेलं, मग जमाली कसे वाचले?

मिरज जंक्शन

पोर्टस्मथ घ्यावाच लागेल, कारण ‘पाश्चात्त्यांचा माणूस’ या शिक्क्याचं मूळ तिथे आहे. १९३० चा ब्रिटनशी झालेला करार १९५७ मध्ये संपणार होता. हब्बानिया आणि शुऐबा इथले विमानतळ ब्रिटिशांकडे होते. नवा करार १५ जानेवारी १९४८ ला पोर्टस्मथ बंदरात ‘व्हिक्टरी’ या जुन्या युद्धनौकेवर झाला. त्यात विमानतळ नावाला इराकचे, पण ब्रिटिशांचा वापर चालू, संयुक्त संरक्षण मंडळ आणि मुदत १९७३ पर्यंत. सालिह जब्र पंतप्रधान, जमाली परराष्ट्रमंत्री. बगदादमध्ये विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर उतरले. २१ तारखेला राजप्रतिनिधी अब्दुल-इलाह यांनी करार नाकारला, २७ तारखेला पुलावर गोळीबार झाला आणि जब्र यांचं सरकार पडलं.

नेमकं काय चुकलं ते असं सांगा: जुना करार बदलून घेणं ही इराकची मागणीच होती. पण वाटाघाटी लंडनकडे झाल्या, मसुदा आधी देशात कुणाला दाखवला नाही आणि त्याच वेळी पॅलेस्टाइनच्या फाळणीने लोक आधीच खवळलेले होते. फाळणीविरुद्ध १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सर्वांत आक्रमक बोलणाऱ्यांत हेच जमाली होते. फाळणी झाली तर अरब देशांतल्या ज्यूंवर त्याचे परिणाम होतील, असंही ते तिथे म्हणाले. पुढे १९५०-५१ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास इराकी ज्यूंनी देश सोडला. त्यांच्या त्या भाषणाला इशारा म्हणावं की धमकी, यावर आजही वाद होतो. मुलं हा प्रश्न विचारतीलच.

शिक्क्याबद्दल माझं उत्तर असं: संरक्षणात ते पाश्चात्त्यांच्या बाजूचे, एप्रिल १९५४ चा अमेरिकेशी झालेला लष्करी मदतीचा करार त्यांच्याच काळातला. पण पॅलेस्टाइन आणि उत्तर आफ्रिकेच्या प्रश्नांवर ते त्याच पाश्चात्त्यांच्या समोर उभे राहिले. ट्युनिशिया, मोरोक्कोच्या स्वातंत्र्याची बाजू त्यांनी संयुक्त राष्ट्रांत सातत्याने लावून धरली. फ्रान्सला ते अजिबात रुचत नव्हतं.

वाईकर

१९५८ चं मी सांगतो. मार्चमध्ये ते पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले. १४ जुलैला सकाळी राजवाड्यात राजे फैसल दुसरे आणि अब्दुल-इलाह मारले गेले, दुसऱ्या दिवशी वेषांतर करून निसटू पाहणारे नुरी सापडले आणि मारले गेले. जमालीही मेले अशी बातमी जगभर पसरली. खरं तर ते पकडले गेले होते.

मग खटला. कर्नल फाझिल अब्बास अल-महदावी अध्यक्ष असलेलं विशेष लष्करी न्यायालय. इथे ‘फाझिल’ नावाची गल्लत होते, आरोपीही फाझिल आणि न्यायाधीशही फाझिल. म्हणून बोलताना आडनावंच वापरा. महदावी हे क्रांतीचे नेते अब्दुल करीम कासिम यांचे नातेवाईक. सुनावणी रेडिओ-टेलिव्हिजनवरून दाखवली जाई. बगदादचं टेलिव्हिजन केंद्र १९५६ पासूनचं, म्हणजे राजेशाहीनेच सुरू केलेलं. महदावी आसनावरून आरोपीला शिव्या देत, कविता म्हणत, प्रेक्षक घोषणा देत. जमालींवरचा मुख्य आरोप परराष्ट्र धोरणाचा होता: सीरियाच्या कारभारात ढवळाढवळ, तिथलं सरकार बदलण्याच्या खटपटी. शिक्षा मृत्युदंडाची झाली. ती पुढे कैदेत बदलली आणि १९६१ मध्ये ते सुटले. तुरुंगातून त्यांनी मुलाला धर्माबद्दल लिहिलेली पत्रं नंतर पुस्तकरूपाने आली.

सुटल्यावर ट्युनिशिया. हबीब बुर्गिबा आता तिथले राष्ट्राध्यक्ष होते आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या चळवळीची बाजू कुणी मांडली होती हे ते विसरले नव्हते. जमाली ट्युनिस विद्यापीठात शिक्षणाचं तत्त्वज्ञान शिकवू लागले. १९९७ मध्ये ट्युनिसमध्येच वारले. मिरजकरांनी शाळेचं सूत्र सुचवलं ते म्हणूनच पटतं, ते शेवटपर्यंत टिकतं.

बागायतदार (वाळवा)

वेळेची वाटणी सुचवतो: काझिमिया ते कोलंबिया आठ मिनिटं, सॅन फ्रान्सिस्को चार, पोर्टस्मथ सात, पंतप्रधानकी पंधरा, बांडुंग दहा, खटला आणि ट्युनिस सहा. कमी पडली तर पोर्टस्मथमधून कापा, जमिनीतून नको. आणखी एक तपासा: जून १९५४ ची निवडणूक जमालींच्या राजीनाम्यानंतरची आहे. ती त्या काळातली बरीच मोकळी निवडणूक मानतात. त्या संसदेची एकच बैठक झाली, मग नुरींनी ती बरखास्त करून सप्टेंबरात दुसरी घेतली. कित्येक टिपणांत तिचं श्रेय किंवा दोष जमालींना दिलेला असतो.

नकाशावर सहा नावं पुरेत: काझिमिया, रुसाफा, समारा, थरथार, कुत, बसरा. नद्या निळ्या जाड रेषेने काढा आणि वाहण्याची दिशा बाणाने दाखवा. समारा बगदादच्या वर की खाली यावरच पुराचा सगळा मुद्दा उभा आहे, आणि बाण नसेल तर मागच्या रांगेतून तोच प्रश्न आधी येईल.